लष्कराच्या भाकऱ्या

मराठी माणसाला कारणाशिवाय चालता येत नाही. तसा तो भरपूर चालतो. पण प्रत्येक चालण्याला त्याच्याकडे व्हाउचर तयार असतं. पंढरपूरला चालत गेला तर पुण्य जमा होतं. सिंहगड चढला तर वजन उतरतं आणि वर पिठलं-भाकरी खाऊन पुन्हा जागेवर येतं. मंडईपर्यंत चालत गेला तर पालकाची जुडी दोन रुपयांनी स्वस्त पडते. पण 'कुठं निघालात?' या प्रश्नाला 'कुठंच नाही, जरा रस्ता बघून येतो' असं उत्तर देणारा माणूस आमच्या बिबवेवाडीत तरी अजून जन्माला यायचाय. असं उत्तर कुणी दिलंच, तर विचारणारा क्षणभर थबकतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "घरी सगळं ठीक आहे ना?"

जपानी लोकांचं बरं आहे. माझी एक भाची टोकियोत कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. पुण्यात जपानी शिकायचं आणि टोकियोला जायचं, यात आता नवलाचं काही राहिलेलं नाही. पूर्वी मुलं ज्या सहजपणे टायपिंगच्या क्लासला जात, त्याच सहजपणे आता जपानीच्या क्लासला जातात. ती परवा फोनवर म्हणाली, "मामा, इथे गिंझा म्हणून भाग आहे. एकदम फॅशनेबल. आणि तिथे काही काम नसताना नुसतं रेंगाळत फिरायचं, त्याला इथे वेगळा शब्द आहे. गिनबुरा! तू ये, तुला फिरवते."

काम नसताना फिरण्याला स्वतंत्र शब्द, आणि तोही कौतुकाचा! मला त्या देशाविषयी एकदम आदर वाटला. आपल्याकडे या क्रियेला शब्द काही कमी नाहीत. उंडारणं आहे, हुंदडणं आहे, गाव कोळपणं आहे, उकिरडे फुंकणं आहे. पण हे सगळे शब्द वडिलांनी मुलांना उद्देशून वापरायचे. 'आज संध्याकाळी आम्ही सहकुटुंब उकिरडे फुंकायला गेलो होतो' असं कुणी आनंदानं सांगत नाही.

विमानाच्या तिकिटाचा आकडा ऐकल्यावर माझ्यातला कॉमर्सचा पदवीधर जागा झाला. आमच्या घरातल्या रिझर्व्ह बँकेनंही लगेच धोरण जाहीर केलं. "अहो, जपानच बघायचाय ना? मग सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यानात जा. दहा एकर जपान आहे तिथं. तुम्हाला पुरेल." बाग सुरेखच आहे. ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली, पुणे-ओकायामा मैत्रीची खूण. पण बागेत कसं चालायचं हे बाग ठरवते. गिनबुराला रस्ता लागतो, दुकानं लागतात, आणि खरेदी न करता दुकानापुढं उभं राहण्याची हिंमत लागते. हे सगळं पुण्यात एकाच ठिकाणी मिळतं, ते म्हणजे लष्कर. लष्कर म्हणजे कँप, कँप म्हणजे मेन स्ट्रीट, आणि मेन स्ट्रीट म्हणजे कागदोपत्री महात्मा गांधी रस्ता.

"तिथं काय काम आहे?"

"काम नाही. चालत जाणार आणि त्या रस्त्याचा इतिहास बघणार."

"म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणार," असं म्हणून ती भाजी निवडायला बसली. दुसऱ्याचं काम फुकटात करणाऱ्याला ही म्हण लावतात. पण काही म्हणी त्या वापरणाऱ्यांपेक्षा शहाण्या असतात. या म्हणीत इतिहास किती खरा भरलेला आहे, ते पुढं येईलच.

बिबवेवाडी ते मेन स्ट्रीट हे अंतर पाच-सहा किलोमीटर. आमच्या भागाला फॅशन नाही असं कुणी म्हणू नये. इथं अप्पर इंदिरानगर आहे आणि सुपर इंदिरानगरही आहे. इतकी इंग्रजी विशेषणं लष्करालासुद्धा परवडलेली नाहीत. टेकडीचा उतार उतरून मार्केट यार्डाच्या कांद्या-बटाट्यांचा वास घेत निघालं की स्वारगेट येतं. तिथला चौक पायी ओलांडताना 'स्वार' हा शब्द मागं पडतो आणि 'स्वर्ग' आठवतो. शंकरशेट रस्त्यानं पुढं गोळीबार मैदान, आणि त्यानंतर पूलगेट. पुण्यात गेटं फार. शनिवारवाडा सोडला तर दरवाजा मात्र कुठं दिसत नाही. पूलगेटपाशी मेन स्ट्रीट सुरू होतो आणि पावलांची चाल आपोआप बदलते. पोट आत जातं, हातातली कापडी पिशवी घडी घालून खिशात जाते.

आता हे दोन रस्ते, तिकडचा आणि इकडचा, शेजारी ठेवून ताळा करून बघू.

गिंझा हे नाव ऐकायला अत्तराच्या बाटलीसारखं वाटतं, पण ते निघालं आमच्या खात्याचं. गिन म्हणजे चांदी आणि झा म्हणजे बैठक. आपल्या पेढीवर शेठजींची असते ती गादीच म्हणा ना. तोकुगावा राजवटीनं १६१२ साली इथं चांदीची नाणी पाडणारी टांकसाळ आणली. दलदल बुजवून काढलेली जमीन, तिच्यावर टांकसाळ, आणि भोवती कारकून. १८०० साली टांकसाळ तिथून हलवली, पण नाव राहिलं. जगातला एक अत्यंत फॅशनेबल रस्ता मुळात सरकारी रोकड विभाग होता हे वाचून मी दुसऱ्या दिवशी बँकेत मान ताठ करून गेलो. आमच्या हेडकॅशिअरना ते सांगितलं. ते नोटा मोजताना बोलत नाहीत. बंडलाला रबर लावून झाल्यावर एवढंच म्हणाले, "आधी आपला फरक जुळव."

आपल्या मेन स्ट्रीटचं मूळ याहून कडक. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. ते चढवलं बाळाजीपंत नातूंनी. या नावावर पुणेकर दोनशे वर्षं दात-ओठ खात आलेला आहे. त्यानंतर इंग्रजांच्या फौजेनं शहराच्या पूर्वेला मोकळ्यावर कायमचा तळ दिला. शहरापासून फार लांब नाही, पण शहरात मिसळणारही नाही, असं बेतशीर अंतर. नवी सून वेगळं बिऱ्हाड करताना राखते तसं.

आणि फौज म्हणजे नुसत्या बंदुका नव्हेत. फौज म्हणजे हजारो पोटं आणि त्याच्या दुप्पट पाय. तिला पाव लागतो, बूट लागतात, गुंड्या लागतात, शिंपी लागतो, दारू लागते आणि या सगळ्यासाठी उधार देणारा लागतो. म्हणून छावणीच्या पोटी सदर बाजार जन्मला. पारशी आले, बोहरी आले, इराणी आले, गोव्याचे पाववाले आणि बँडवाले आले, तमिळ मुदलियार आले, बगदादी ज्यू आले. ज्यांना सोमवारपासून रविवारपर्यंतच्या पेठांमध्ये सहज ओसरी मिळाली नसती, त्यांनी इथं ओटे बांधले. शहरानं आपल्या पेठांना वारांची नावं दिली होती. इथं दिशांची आणि मापाची नावं आली. ईस्ट स्ट्रीट, सेंटर स्ट्रीट, मेन स्ट्रीट. शहरात पत्ता सांगताना मारुतीच्या स्वभावापासून सुरुवात करावी लागते. इथं नकाशावर पट्टी ठेवली की काम भागतं. तरी ईस्ट स्ट्रीटवर खाणे मारुती आहेच. मारुतीला पट्टी अडवू शकत नाही.

थोडक्यात, एकीकडं टांकसाळ आणि दुसरीकडं छावणी. दोन्ही जागा फॅशनसाठी काढलेल्या नव्हत्या. दोन्हींच्या जन्मदाखल्यावर व्यवसाय 'सरकारी नोकरी' असाच आहे.

फॅशन आली ती पावसाळ्याबरोबर. मुंबईचा पाऊस साहेबाला सोसेना, म्हणून पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर पुण्याला येऊन राही. त्याच्यामागून त्याचं दफ्तर, दफ्तरामागून मडमा, मडमांमागून टोपीवाले आणि घोड्यांच्या शर्यती. बॅडमिंटनच्या खेळाला एके काळी 'पूना' म्हणत, तो याच मंडळींच्या उद्योगामुळं. पुण्याच्या नावावर इतका हलका खेळ असावा याचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलंय. शहराच्या स्वभावाला कुस्ती जास्त शोभली असती.

रस्त्याच्या वरच्या टोकाशी मोलेदिना रोडला लाल देऊळ आहे. ते देऊळ नाही, सिनेगॉग आहे, ओहेल डेव्हिड. डेव्हिड ससून हा बगदादचा ज्यू व्यापारी १८३२ साली मुंबईत आला, अफू आणि कापसाच्या व्यापारात अफाट पैसा केला आणि १८६४ साली पुण्यात वारला. त्याच्या खर्चानं उभं राहिलेलं हे प्रार्थनामंदिर पुरं व्हायला १८६७ साल उजाडलं, म्हणजे ते पुरं झालेलं त्याला बघायला मिळालं नाही. त्याची कबरही तिथंच आवारात आहे. लाल विटांचा नव्वद फुटी मनोरा, इंग्रजी चर्चसारखा घाट, आत ज्यूंचा धर्मग्रंथ. आणि पुणेकर त्याला 'लाल देऊळ' म्हणून मोकळा. पुणेकर माणसाला लवकर आपलं म्हणत नाही ही तक्रार मी खूप ऐकली आहे, आणि बिबवेवाडीतल्या माणसाला शनिवारात आपलं म्हणत नाहीत याचा मला अनुभवही आहे. पण एखाद्या इमारतीला आपलं म्हणायचं तर तिला देऊळ म्हणण्याइतका सोपा मार्ग दुसऱ्या कुठल्या शहराला सुचला नसेल.

याच ससूनच्या देणगीतून ससून रुग्णालय झालं. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री तिथं येरवड्याच्या एका कैद्याचं अपेंडिक्स कर्नल मॅडॉक नावाच्या इंग्रज सर्जननं काढलं. ऑपरेशन चालू असताना दिवे गेले आणि उरलेलं काम कंदिलावर झालं. कैदी होते महात्मा गांधी. पुढं मेन स्ट्रीटला त्यांचंच नाव मिळालं. विलायती कापडाची होळी करायला सांगणाऱ्या माणसाचं नाव शहरातल्या सगळ्यांत विलायती रस्त्याला देणं, हा विनोद पुण्यानं एकट्यानं केलेला नाही. तो सबंध देशानं मिळून केला. तुम्ही कुठल्याही गावात जा, ज्या रस्त्यावर खिशाला सगळ्यांत मोठं भोक पडतं तो एम. जी. रोड असतो.

आता भाकऱ्यांकडं येऊ. जपानात किमुरा यासुबेई नावाचा एक सामुराई होता. राजवट बदलली, नव्या पद्धतीची फौज आली आणि तलवारवाल्यांच्या नोकऱ्या गेल्या. या गृहस्थानं मग १८६९ साली बेकरी काढली. जपानी लोकांना पाव रुचेना, तेव्हा १८७४ साली पावाच्या पोटात लाल घेवड्यासारख्या कडधान्याचं गोड सारण भरलं. म्हणजे आपल्या भाषेत, पुरणाचा पाव. त्याला ते 'अनपान' म्हणतात. पुढल्याच वर्षी तो खुद्द बादशहापुढं ठेवला गेला, आणि त्या घराण्याचं दुकान गिंझात आजही आहे. लष्करातल्या माणसानं खरोखरच भाकऱ्या भाजल्या आणि फुकट नव्हे, चांगल्या चालवल्या. ही गोष्ट मी घरी सांगितली. तिकडून उत्तर आलं, "त्यानं भाजल्या. तुम्ही नुसत्या सांगताय."

आमच्या लष्करात हे काम कयानी बेकरीकडं आहे. १९५५ साली ईस्ट स्ट्रीटवर इराणी कुटुंबानं काढलेली. तिथलं प्रसिद्ध बिस्किट श्रूजबेरी. नाव इंग्लंडमधल्या गावाचं, भाजणारा इराणी, रांगेत उभा सदाशिव पेठेतला आणि खोके चालले मुंबईला. बेकरी दुपारी बंद असते. पुण्यात येऊन एखादं घराणं मुरलं की नाही हे ओळखायला याहून चांगली कसोटी नाही.

पण सगळंच काही बिस्किटांसारखं खुसखुशीत नाही. ईस्ट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या जनरल थिमय्या रस्त्यावर, व्हिक्टरी नावाचं थिएटर आहे. पूर्वी त्याचं नाव कॅपिटॉल. १९४२ च्या चळवळीत नेते तुरुंगात गेले होते आणि गोरे सोल्जर संध्याकाळी लष्करात इंग्रजी सिनेमे बघत होते. २४ जानेवारी १९४३, रविवार. त्या रात्री कॅपिटॉल आणि वेस्ट एंड या दोन्ही थिएटरांत बाँब फुटले. काही गोरे सैनिक ठार झाले, काही जखमी झाले.

हे बाँब देहूरोडच्या दारूगोळ्याच्या डेपोतून बाहेर आलेल्या मालाचे होते, आणि तो माल बाहेर येण्यात तिथंच नोकरीला असलेल्या भास्कर कर्णिक या तरुणाचा हात होता. पोलिसांनी त्याला पकडून फरासखान्यात आणलं. आपल्या तोंडून सोबत्यांची नावं निघू नयेत म्हणून त्यानं ३१ जानेवारीला तिथंच विष घेऊन जीव दिला.

मी या जागी थोडा थांबतो. हुतात्मे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं घोड्यावरचे, निदान फेट्यातले लोक येतात. हा माणूस रोज डबा घेऊन नोकरीला जाणारा होता. हजेरीपटावर सही करणारा, साठ्याच्या नोंदी आणि गेटपास या जगातला. ज्या जगात मी गेली वीस वर्षं वावरतोय, तेच जग. आम्ही नोकरदार माणसं आयुष्यभर अशी समजूत घालून घेतो की, इतिहास हा आपल्या काउंटरच्या पलीकडं घडत असतो आणि आपल्या बाजूला फक्त त्याच्या पावत्या फाडायच्या असतात. ईस्ट स्ट्रीटवरून चालताना ही समजूत टिकत नाही. मेन स्ट्रीटवर आज कुठलाही पोरगा खिशात हात घालून शीळ घालत जातो, त्याचं भाडं कुणीतरी आगाऊ भरून ठेवलेलं आहे.

आणि त्याच सुमाराची गिंझाची गोष्ट बघा. तिथल्या मुख्य चौकात १९३२ साली बांधलेली हत्तोरींची घड्याळाची इमारत आहे. १९४५ च्या बाँबहल्ल्यांत आजूबाजूचं बरंच जळालं, ती मात्र उभी राहिली. लढाई हरल्यावर अमेरिकन फौजेनं ती ताब्यात घेतली आणि तिथं आपल्या सैनिकांसाठी दुकान चालवलं. १९५२ पर्यंत जपानी माणूस स्वतःच्या गिंझात, स्वतःच्या घड्याळाखाली, काचेतून परक्यांचा माल बघत उभा होता. म्हणजे आपल्या लष्कराचं गिंझा होत होतं, तेव्हा त्यांच्या गिंझाचं लष्कर झालं होतं. फॅशनेबल रस्ता म्हणजे काय, तर त्याच्यावर आज कोण बिनधास्त रेंगाळू शकतो, याचा चालू खात्याचा उतारा.

दोन्ही रस्त्यांना आग ओळखीची आहे. गिंझा १८७२ साली जळाला. सरकारनं वॉटर्स नावाच्या आयरिश इंजिनिअरला हाताशी धरून तिथं विटांची इमारतबंद पेठ उभारली. रस्ते रुंद केले, कडेला झाडं लावली. पण घरं महाग आणि दमट, म्हणून सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. नव्या स्कीममधले फ्लॅट रिकामे पडतात ही गोष्ट तेव्हापासूनची. आपल्या लष्करात २०२१ च्या मार्च महिन्यात दहा दिवसांत दोन आगी लागल्या. १६ तारखेच्या पहाटे शिवाजी मार्केट, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं दगडी कॅनॉट मार्केट. आणि २६ तारखेच्या रात्री फॅशन स्ट्रीट. मेन स्ट्रीटच्या कडेला बसणाऱ्या फेरीवाल्यांना जिथं आणून बसवलं होतं, ती ही जागा. शेकडो टपऱ्या गेल्या. साल करोनाचं, धंदा आधीच आडवा. शर्ट जळतो, हँगर वितळतो, वही जळते. पण कर्जखातं जळत नाही. ते आमच्याकडं सुरक्षित असतं. बँकेच्या सुरक्षिततेचा अभिमान वाटू नये असे काही दिवस असतात, त्यांतला तो एक.

काही गोष्टी आगीशिवायही जातात. कॅफे नाझ गेलं आणि त्याबरोबर दोन समोशांवर दोन तास बसण्याची सोय गेली. २०१२ साली मॅनीज हे पुस्तकांचं दुकान बंद झालं. तिथं पुस्तक उभ्यानं वाचून पुन्हा जागेवर ठेवता येत असे. पुण्यात गिनबुराची इतकी सोय पुन्हा झालेली नाही.

आता उरला तो चालण्याचा प्रश्न, आणि तो लहान नाही. टोकियोनं २ ऑगस्ट १९७० पासून गिंझाचा मुख्य रस्ता सुट्टीच्या दिवशी वाहनांना बंद ठेवायला सुरुवात केली. त्याला ते 'पादचाऱ्यांचा स्वर्ग' म्हणतात. आपल्याकडं पादचाऱ्यांना स्वर्ग मिळण्याची व्यवस्था वर्षभर आहे, फक्त ती वेगळ्या अर्थानं. मेन स्ट्रीट ३१ डिसेंबरच्या रात्री वाहनांना बंद करतात. पुणे महापालिकेनं २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन सुरू केला. त्या दिवशी लोक भर रस्त्यात मधोमध चालतात आणि दर पाच पावलांना मागं वळून बघतात. सवय आहे. हॉर्न वाजला नाही की पुणेकराला चुकल्यासारखं होतं.

पण त्या काही तासांत जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. म्हातारी माणसं घाई न करता रस्ता ओलांडतात. लहान मुलं हात सोडून पळतात आणि आया ओरडत नाहीत. ज्या दुकानाच्या पाटीकडं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, ती पाटी जुनी निघते, वर लाकडी सज्जा निघतो, सज्जात एक आजी निघतात. इतिहास हा असा पहिल्या मजल्यापासून वर असतो. स्कूटरवरून जाणाऱ्याला फक्त तळमजला आणि खड्डा दिसतो.

रस्ता कुणाचा, याचा सात-बारा कुठल्याच तलाठ्याकडं मिळत नाही. टांकसाळीचा गिंझा आणि छावणीचा मेन स्ट्रीट, दोन्ही लोकांच्या नावावर चढले ते कामाशिवाय चाललेल्या पावलांनी. ती नोंद दर पिढीला पुन्हा करावी लागते. मागच्या तारखेनं चालत नाही. तेव्हा मंडळी, आपापल्या गावातला जो काही मेन स्ट्रीट असेल, तिथं एखाद्या संध्याकाळी पिशवी न घेता जा. बरोबर कुणाला तरी न्या. आमच्या घरचीसुद्धा आता येते. इतिहासाच्या भागात ती पुढं चालते, आणि कयानीच्या रांगेत मी मागं उभा असतो.